विम्याचं पार्सल

"आत काय आहे?" खिडकीतून नांदवडेकर मॅडमनी विचारलं.

"क्लॅरोनेट."

"म्हणजे?"

"बँडमधली हो. लग्नात वाजवतात ती. काळी, लांब."

"मारुती मास्तरांची?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "ती विकली?"

माझ्यामागं रांग होती, आणि रांगेतल्या सगळ्यांना माझे सासरे ठाऊक होते. या पंचक्रोशीत चाळिशीच्या पुढचा असा माणूस सापडायचा नाही ज्याच्या लग्नात सनदी ब्रास बँड वाजला नाही.

"पडूनच होती," मी म्हटलं. "नागपूरला पाठवायचीय. किती दिवस लागतील?"

"साधं पार्सल करायचं, रजिस्टर, की विमा?"

"विमाच करा. पोस्टातनं काय काय गायब होतंय ते ऐकून आहे मी."

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. मला बरंच वाटलं. तेव्हा मला चारचौघांत फटकन बोलायची भारी हौस होती आणि वर त्याला मी स्पष्टवक्तेपणा म्हणायची.

मॅडमना राग आला नाही. निदान दाखवला तरी नाही. त्यांनी पार्सल उलटंपालटं केलं आणि परत माझ्यापुढं सरकवलं. "विमा करायचा तर हा खाकी कागद आणि चिकटपट्टी चालत नाही बाई. कापडात शिवून आणा. शिवणीवर लाखेचे शिक्के मारा. आणि छाप तुमचा स्वतःचा पाहिजे. नाणं दाबलेलं चालत नाही, बटण दाबलेलं चालत नाही. दुसऱ्याकडं सहज सापडणार नाही असं काहीतरी बघा."

"अगंबाई! एवढं सोंग?"

"तर! वाटेत काही झालं तर आम्हाला उत्तर द्यावं लागतं. शिक्के शाबूत असले की कळतं, कुणी हात लावला का नाही."

मी पार्सल उचललं आणि फणकाऱ्यातच घरी आले.

जुन्या वस्तू ऑनलाइन विकायचा माझा धंदा तेव्हा नवा होता. मी कोल्हापूरची, बी.कॉम. झालेली. लग्न करून इकडं गडहिंग्लजजवळ आले तर नवरा दिवसभर साखर कारखान्याच्या ऑफिसात आणि मी घरात माश्या मारत. मग गावोगावच्या माळ्यांवरच्या समया, जुने रेडिओ, पितळी डबे घ्यायचे, घासूनपुसून फोटो काढायचे आणि वेबसाइटवर टाकायचे, असं सुरू केलं. एकदा एक समई साध्या पार्सलनं पाठवली ती दोन तुकडे होऊन पोचली, आणि घेणाऱ्यानं माझं नाव तिथं सगळ्यांना वाचता येईल असं खराब करून ठेवलं. त्या दिवसापासून ठरवलं, किमती वस्तू विम्याशिवाय पाठवायची नाही. अजूनही मी तेच सांगते. चूक विम्यात नव्हती.

क्लॅरोनेट घेणारे बोधनकर म्हणून होते. त्यांच्या मुलीला शिकायची होती आणि जुन्या लाकडाचीच हवी होती. बोलायला फार सभ्य माणूस. विक्री ठरली, पैसे आले, त्या संध्याकाळी मी मामांना सांगितलं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. ते दुधात भाकरी कुस्करून जेवत बसले होते. दात गेल्यापासून तेच जेवण. क्लॅरोनेट फुंकायला समोरचे दात लागतात. दात गेले तसं त्यांचं वाजवणंही गेलं, आणि नंतर डीजे आला तसा बँडही गेला.

"मामा, तुमची क्लॅरोनेट विकली बघा! नागपूरचा माणूस आहे. झकास किंमत आली."

"विकली?" भाकरीतला हात थांबला.

"परवाच फोटो टाकला होता. तुम्ही देवळात गेला होता ना, तेव्हा कॉटखालची पेटी काढून घेतला."

"बरं झालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं परत म्हणाले, "बरं झालं. पडून तरी काय करायची." आणि जेवायला लागले.

दयानंदनं, माझ्या नवऱ्यानं, मान वर केली नाही. शाळेत पोरं त्याला 'पिपाणी' म्हणून चिडवायची, त्यामुळं ती वस्तू घरातनं गेलेलीच त्याला हवी होती. आत गेल्यावर मी त्याला म्हटलंसुद्धा, "बघ, मामांचं काही नसतं. उगाच घाबरत होतास."

तर त्या दिवशी पोस्टातनं घरी आल्यावर मी खाकी कागद टराटरा फाडला, पेटी सोप्यात मामांच्या कॉटवर ठेवली आणि मांजरपाट कापड, सुई-दोरा, लाख आणायला बाजारात गेले. पेटी क्लॅरोनेटची स्वतःची होती, काळ्या रेक्झिनची, दोन पितळी कड्यांची. परत आले तेव्हा मामा तिच्याशेजारी बसून धोतराच्या सोग्यानं कड्या पुसत होते.

"कशाला पुसताय मामा? कापडातच जाणार ती."

"असू दे की. आपल्या घरातनं जातीया."

मी शिवायला बसले. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं ठेवली. शिवून झाल्यावर छापाचा प्रश्न आला. दयानंदच्या अंगठीवर काही नव्हतं, माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मामा उठले, ट्रंक उघडली आणि त्यांच्या जुन्या टोपीवरचा पितळी बिल्ला काढून आणला. मध्ये तुतारी, भोवतीनं 'सनदी ब्रास बँड' अशी अक्षरं.

"ह्यो घे. असला दुसरा न्हाई कुणाकडं."

मी खूश! मेणबत्तीवर लाख तापवायची, शिवणीवर ओतायची, वर बिल्ला दाबायचा. मामा पार्सल फिरवून धरत होते. तुतारी काय सुरेख उमटली! पण लाख मी मोजून-मापून आणली नव्हती. शेवटची बाजू पुरी व्हायच्या आतच ती संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच पोस्टात गेले. मला अकराच्या गाडीनं गडहिंग्लजला जायचं होतं, एका बाईंकडं जुनी भांडी बघायला. मॅडमनी पार्सल पाहिलं. "इथं दोन शिक्के कमी आहेत."

"लाख संपली हो. आता परत कुठं हेलपाटा घालू? माझी गाडी चुकेल."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "नियमात नाही बसत. पण जावा. लाख आहे ऑफिसात. तो बिल्ला ठेवून जावा, गर्दी कमी झाली की मी मारून घेते. येताना बिल्ला आणि पावती घेऊन जावा."

"देव भलं करो तुमचं," म्हणून मी पळाले. दुपारी परत येऊन बिल्ला आणि पावती घेतली. आमच्याकडं सगळा कारभार असाच चालतो. कुणीतरी कुणासाठी नियम थोडा बाजूला सारतो, आणि गाडी मिळते.

नंतर खंडेनवमी आली. ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार धुऊनपुसून पुजायचं. आदल्या दिवशी पुऱ्या करायला बघते तर माझं लाटणं गायब. शेजारच्या आक्काताईंकडं बारशाला चपात्या लाटायला अख्ख्या गल्लीतली लाटणी गेली होती. तिकडंच राहिलं असणार म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन चार शब्द बोलून आले. आक्काताई म्हणाल्या, तुमचं एक टोक जळकं लाटणं, ते कोण ठेवून घेईल? आईनं दिलेलं होतं ते मला. शेवटी स्टीलच्या तांब्यानं पुऱ्या लाटल्या.

नवमीला पाटावर विळी मांडली, कोयता मांडला, दयानंदनं मोटरसायकलला हार घातला. मी माझा लॅपटॉप मांडला आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं. "माझ्या धंद्याचं हत्यार!" म्हणून दयानंदला दाखवलं. दरवर्षीच्या सवयीनं तोंडातून गेलं, "मामा, तुमची द्या की मांडायला..." आणि मी जीभ चावली.

"माझं झालं," मामा शांतपणे म्हणाले. "सकाळीच झालं माझं."

मला वाटलं देवपूजेचं म्हणतायत.

दसरा झाल्यावर नागपूरहून फोन आला. बोधनकर नेहमीसारखे सावकाश बोलत होते, पण आवाज थरथरत होता. "ताई, शिक्के शाबूत होते, तरी मी पार्सल पोस्टातच उघडलं, त्यांच्या माणसांसमोर. बरं केलं. आत वाद्य नाही. जुन्या कापडात गुंडाळलेली दोन लाकडं आहेत. मुलगी सोबत आली होती हो माझी. रडत घरी गेली."

"लाकडं? कसली लाकडं?"

"दांडकी. मी हातही लावला नाही, तसंच पोस्टाच्या ताब्यात दिलं. तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच चपला अडकवून पोस्टात गेले आणि दारातूनच सुरू केलं. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. गावात पुढं महिनाभर तेच चघळलं जात होतं, तेवढं पुरे.

नांदवडेकर मॅडम उभ्या राहिल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला. "बसा तरी. लेखी द्या, म्हणजे चौकशी लागेल. विम्याचं आहे, दाबून ठेवता येत नाही कुणाला."

"देणारच आहे!"

तिथंच टेबलावर बसून लिहिलं. पार्सल मी स्वतः शिवलं, शिक्के मारले, शेवटचे दोन शिक्के काउंटरवर बाईंनी मारले आणि सकाळपासून दुपारपर्यंत पार्सल आणि माझा छाप, दोन्ही त्यांच्याच ताब्यात होतं. मॅडम माझ्या खांद्यामागून वाचत होत्या.

"हे पण लिहिलंत?"

"खरं आहे ते लिहिलं."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. खुर्चीचा हात धरून हळूच बसल्या. "दिवाळीनंतर रिटायर होतेय मी. चौकशीत नाव आलं की पेन्शन लटकते, बाई. घरात मिळवणारी मी एकटीच."

"आणि माझं नाव गेलं त्याचं काय? मला चोर म्हणाला तो माणूस!"

मी कागद त्यांच्याच हातात दिला आणि पोच मागून घेतली.

रात्री जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. "बाईनंच काढली," मी दयानंदला सांगत होते. "वरनं म्हणे पेन्शन! पेन्शनीची एवढी काळजी होती तर हात कशाला मारला?"

"त्या बाई तसल्या न्हाईत," मामा म्हणाले.

"मग कोण तसलं आहे मामा? वाटेत शिक्के कुणी तोडले नाहीत. बिल्ला त्यांच्या हातात. दुसरं कोण काढणार?"

"विम्याचं पैसं मिळत्यात न्हवं तुला? त्या मानसाला देऊन टाक. सोडून दे."

"असे नाही मिळत ते. चौकशी होणार. साहेब येणार, जबाब घेणार."

"चौकशी?" मामांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "मला वाटलं पैसं भरलं की झालं. चौकशी कशाला?"

"विम्याचं असतं तसं."

"बाईंची नोकरी जाईल?"

"जाईल नाहीतर काय! जायलाच पाहिजे."

ते उठून गेले. ताटात दूध-भाकरी तशीच होती. म्हातारपणी भूक कमी होते म्हणून मी ती मांजराला घातली.

चौकशीच्या दिवशी मी निघाले तर मामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे.

"तुम्ही कुठं?"

"येतो की मी पण."

"मामा, ऊन केवढं आहे! तुमचं काय काम आहे तिथं?"

"येतो म्हटलं न्हवं." इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं एकदाही बोलले नव्हते. मी चालू लागले. ते मागून येत होते. कुणी हाक मारली, "काय मास्तर, कुणीकडं?" तरी नुसता हात वर करायचे.

इन्स्पेक्टर शिराळकर म्हणून होते, पन्नाशीचे, थकलेल्या चेहऱ्याचे. आतल्या खोलीत टेबलावर नागपूरहून परत आलेलं पार्सल ठेवलं होतं. एका बाजूला मी बसले, समोर नांदवडेकर मॅडम. मामा दाराजवळच्या बाकावर टेकले. मॅडमनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातातल्या रुमालाची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या.

शिराळकरांनी प्रत्येक शिक्का बोटानं चाचपून पाहिला. "उघडताना एकच बाजू उसवलीय. बाकी सगळे जिथल्या तिथं. वजनही निघताना होतं तेवढंच नागपूरला भरलं. म्हणजे वाटेत कुणी हात लावलेला नाही. जे झालं ते इथनं निघायच्या आधी." ते मॅडमकडं वळले. "तुम्ही ग्राहकाचा छाप स्वतःकडं ठेवून घेतला?"

"हो साहेब."

"आणि पार्सलची एक बाजू तेव्हा उघडी होती?"

"शिवलेली होती. शिक्के नव्हते. त्यांची गाडी चुकत होती..."

"मॅडम, इतकी वर्षं नोकरी झाली तुमची. मी यात काय लिहू, तुम्हीच सांगा."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. सापडली म्हटलं.

शिराळकरांनी पेटी कापडातून बाहेर काढली, कड्या उघडल्या. आत जुन्या धोतराचं फडकं होतं. ते उलगडलं. एक ताक घुसळायची रवी निघाली. आणि एक लाटणं, एका टोकाला जळलेलं.

ते लाटणं माझं होतं. एकदा बाळंतपणाहून आलेल्या मैत्रिणीशी बोलता बोलता मी ते पेटत्या शेगडीवर ठेवलं होतं आणि आईनं दिलेलं म्हणून टाकलं नव्हतं. रवी आमच्याच खुंटीवरची. फडकं मी स्वतः धुऊन वाळत घातलेलं.

"या वस्तू ओळखता का?" शिराळकरांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. नाही म्हटलं की मी सुटत होते. गावात मी आरडाओरडा केला होता, लेखी दिलं होतं, आक्काताईंशी भांडले होते. आता माझंच लाटणं म्हणून कसं सांगायचं? आणि लाटण्यासारखं लाटणं, कुणाच्याही घरात असतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळत नाही.

"आमचंच हाय ते," मागून मामा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामा बाकाला धरून उभे राहिले होते.

"तुम्ही कोण?"

"मारुती सनदी. ही माझी सून. ती बाजारात गेली तवा पेटीतनं क्लॅरोनेट म्या काढून घेतली. लाटणं न् रवी घातली. वजनाला बराबर व्हावं म्हणून. ह्या बाईंचा काय संबंध न्हाई साहेब. सुनेला बी ठाऊक न्हाई. त्यास्नी सोडा."

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला आणि त्या रडायलाच लागल्या. हुंदके देऊन देऊन.

"का केलंत असं?" शिराळकरांनी विचारलं.

"नवमी तोंडावर आली हुती साहेब." मामांनी टोपी काढून हातात घेतली. "बापाच्या हाताखाली शिकलो तवापास्नं एक नवमी अशी गेली न्हाई की क्लॅरोनेट पुजली न्हाई. म्हटलं, त्या दिवशी मी पुढ्यात काय मांडू? नवमी झाली की पाठवून देऊ म्हटलं. मग पार्सल गेलंच हुतं, आता कसं सांगायचं? वाटलं, तो मानूस पैसं मागून घील, सून देईल, मिटंल. चौकशी असती हे म्हाईत न्हवतं. बाईंच्यावर आलं तवा मला झोप न्हाई साहेब."

"क्लॅरोनेट आहे कुठं?"

"उशीच्या खोळीत."

दर आठवड्याला मी त्या खोळी धुवायला मागायची. "माझी म्या धुतो," म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा समजूतदार आहे, सुनेला त्रास नको म्हणून करतो.

शिराळकरांनी जबाबाचा कागद ओढला. "म्हणजे पार्सलमधली वस्तू तुम्ही चोरलीत, असं मी लिहून घेतो. तुम्हाला कबूल?"

"व्हय. चोरीच ती."

"वस्तू कुणाची होती?"

"माझीच की," मामा म्हणाले.

पेन थांबलं. शिराळकरांनी मामांकडं पाहिलं, मग पेटीकडं, मग पेन खाली ठेवलं. "आजोबा, स्वतःच्या घरातून स्वतःचीच वस्तू चोरली, असं कसं लिहू मी?"

मामा टोपी फिरवत उभे राहिले. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. स्वतःच्या घरात हा माणूस 'नको विकू' एवढं म्हणू शकला नव्हता. मागायची सोय नव्हती म्हणून चोरावी लागली होती त्यांना, धोतराच्या फडक्यात गुंडाळून, मी बाजारातनं यायच्या आत, घाईघाईनं, माझी चाहूल घेत.

शिराळकर माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, विकायच्या आधी यांना विचारलं होतं?"

मॅडमचं रडणं थांबलं. मी नुसती टेबलावरच्या जळक्या लाटण्याकडं बघत होते.

"विचारलं हुतं की," मामा म्हणाले.

मी मान वर केली.

"चांगलं दोनदा विचारलं साहेब. मामा, विकू का, म्हणाली. मीच म्हटलं, विक. चूक माझी हाय. लेकीवाणी हाय ती मला, विचारल्याबिगार काय करायची न्हाई." चोरी कबूल करताना त्यांचा आवाज एकदाही अडला नव्हता. आत्ता अडत होता. खोटं बोलायची सवय नव्हती माणसाला.

"खरं आहे हे?" शिराळकरांनी मला विचारलं.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मामा मात्र बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते, मला जे म्हणायचं ते म्हणता यावं म्हणून.

"हो," मी म्हटलं.

शिराळकरांनी ते लिहून घेतलं. नागपूरच्या माणसाला पैसे परत करायचे आणि तक्रार मागं घ्यायची, एवढ्यावर मिटलं. मामांनी पुढं येऊन सावकाश, अक्षर अक्षर काढत सही केली. मग पेन परत देत त्यांनी नांदवडेकर मॅडमना हात जोडले.

"बाई, तुमचं लई वाईट केलं म्या," ते म्हणाले. "आनि जरा सूनबाईला पाणी द्या. उन्हातनं आलीया."

मॅडम उठल्या. माठातलं पाणी त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिलं, आणि सगळ्यांसमोर मला ते प्यावं लागलं.